भाज्यांचं पाणी, अळणी

बत्तीस वर्षं मी गावच्या डेअरीत दूध मोजलं. सकाळी साडेपाचला शटर वर, कॅन समोर, लॅक्टोमीटर दुधात, आणि त्याच्या आधी माझे डोळे माणसाच्या तोंडावर. निम्मं काम तोंडावरच व्हायचं. ज्यानं पाणी घातलेलं असतं तो कॅनकडे बघत नाही, आभाळाकडे बघतो. "थंडी लई पडली बरं का, सावळेराम," असं कुणी विनाकारण म्हणालं की मी यंत्र जरा जास्त वेळ बुडवून ठेवायचो. वहीत पाच रकाने होते: तारीख, नाव, लिटर, फॅट आणि शेरा. शेरा सहसा मोकळा राहायचा. ज्याच्या नावापुढे तो भरला, त्याचं नाव मग गावात वर्षभर फिरायचं.

भेसळ करणारा कसा बोलतो, कुठं बघतो, हात कुठं ठेवतो, हे सगळं मला पाठ होतं. तरी ती मी केली. कशी केली, ते सांगतो.

धर्माजी माझा शेजारी. महाळुंगे पडवळच्या रस्त्याला आमची दोन घरं लागून आहेत आणि मधे कडीपत्त्याचं एक झाड आहे. ते कुणाच्या हद्दीत, हे साठ वर्षांत ठरलेलं नाही. पानं दोघांच्या आमटीत पडतात. शाळेत एका बाकावर बसलो, एकाच साली लग्नं झाली, एकाच डॉक्टरकडून चष्मे घेतले. माणूस तसा सरळ. एकदाच वाकडा चालला आणि नेमका माझ्यासमोर चालला.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याची म्हैस आटत आली होती, घरात पाहुणे होते, आणि त्यानं कॅनमध्ये दोन तांबे पाणी घातलं. त्या सकाळी तो मला थंडीबद्दल बोलला. मी यंत्र बुडवलं. बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं, "धर्मा, आज घरी ने, चहाला वापर." पण मागे पंधरा माणसं उभी होती आणि मला विनोद सुचला होता.

"धर्मा, म्हस काय विहिरीत बांधतोस का रं?"

पंधराच्या पंधरा हसली. मी शेऱ्याच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी. वर्षभर पोरंटोरं त्याला 'पाणीवाला' म्हणत होती. तो मला एका शब्दानं बोलला नाही. पुढच्या एकादशीला देवळात जाऊन त्यानं तुळशीची माळ घातली आणि मटण सोडलं. आता हा कोण माणूस, तर जत्रेत मी मटण शिजवायला बसलो की पातेल्याशेजारी पहिला पाट टाकणारा. माळ घालून आला आणि कडीपत्त्याखाली उभा राहून म्हणाला, "सावळ्या, आता माज्या हातनं मिसळ व्हनार न्हाई. कशातच."

मी म्हणालो, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार होतो?

तर यंदाच्या पौषात धर्माजीच्या छातीत कफ भरला. न्यूमोनिया निघाला. मंचरच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून तो घरी आला तेव्हा त्याचं धोतर त्याला दोनदा गुंडाळावं लागत होतं. हृदयही थोडं दमलंय, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा गोकुळ आळेफाट्याला गॅरेजात, पहाटे जातो तो दिवेलागणीला येतो. सून आरती अंगणवाडीत. पोरगी हुशार, कामाला वाघीण. सासऱ्याच्या गोळ्या तिनं रिकाम्या खडूच्या डब्यांत सकाळ-दुपार-रात्र अशा लावून ठेवल्या होत्या. पण दुपारी घरात कोणी नसायचं. म्हणून ती दवाखान्याचा कागद घेऊन माझ्याकडे आली.

"काका, डॉक्टरांनी हे द्यायला सांगितलंय. जेवणातलं मीठ मी कमी केलंय, पण हे दोन वेळचं मला जमायचं नाही."

कागदावर डॉक्टरानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: भाज्यांचं पाणी, अळणी, दोन वेळा.

मी वाचलं. आरतीनं वाचलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"अळणी कसं देणार?" ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा तर माळकरी. डॉक्टरांना दिसली नसंल माळ, गळ्याला मफलर व्हता."

आमच्याकडे आजाऱ्याला अळणी देतात. म्हणजे मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवायचं, तिखट टाकायच्या आधी वरचं पाणी काढून घ्यायचं. बाळंतिणीला, हाड मोडलेल्याला, तापातून उठलेल्याला. अळणी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पिवळं, वाफाळणारं पितळी पातेलं येतं. शब्दाचा दुसरा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. आमटीला मीठ कमी पडलं की "आज अळणी झालं" असं मीच लंकाला, म्हणजे माझ्या बायकोला, रोज सुनावतो. पण डॉक्टरच्या कागदावर, ताकदीसाठी, दोन वेळा लिहिलेलं अळणी म्हणजे एकच. बत्तीस वर्षं मी रकाने वाचले. मधला स्वल्पविराम मला रकान्याची रेघ वाटला: एक भाज्यांचं पाणी, दोन अळणी.

"तू डोक्यात घेऊ नकोस," मी आरतीला म्हणालो. "भाज्यांचं पाणी मी करतो. दुसरं ऱ्हाऊ दे."

भाज्यांचं पाणी करायला लागलो आणि, खोटं कशाला बोलू, मला त्यात रस आला. घाईचं काम नव्हे ते. गार पाण्यातच सगळं टाकायचं: गाजर, दुधी भोपळा, शेवग्याच्या दोन शेंगा, कोबीची बाहेरची पानं जी बायका शेळीला घालतात, पालकाचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, एक टोमॅटो, आल्याचा तुकडा, चार मिरी, जिरं, हळद. चातुर्मास सोडून धर्माला लसूण चालतो, म्हणून दोन पाकळ्या. बटाटा टाकायचा नाही, पाणी गढूळ होतं. चुलीत दोनच लाकडं. पाणी खदखदलं तर भाजीचा वास मरतो. ते नुसतं थरथरलं पाहिजे, निजलेल्या जनावराच्या कातडीसारखं. पाऊण तास. मग धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं आणि चोथा पिळायचा नाही. पिळला की कडू उतरतं. चवीपुरतं मीठ.

पहिल्या दिवशी वाटी घेऊन गेलो. धर्मा भिंतीला टेकून बसला होता. वाटी हातात दिली तर ती हलायला लागली. वाटी पितळी, पाव शेराची. एके काळी दोन हातांत दोन भरलेले कॅन घेऊन हा माणूस चढ चढायचा. शेवटी मी वाटी धरली आणि तो प्याला. अर्धी प्याला.

"चांगलं हाय," म्हणाला, "पन सावळ्या, ह्यानं काय व्हनार? पालापाचोळ्याचं पानी."

दुसऱ्या दिवशी तीच गत. संध्याकाळी तो उठायला गेला आणि उंबऱ्यात बसला. पडला नाही, बसला. पण मी पाहिलं, बसण्याचा निर्णय त्याचा नव्हता. मी हसत त्याला उचललं. "काय रं, म्हशीवानी बसलास मधीच?" तो हसला नाही. त्या रात्री मला झोप आली, आली नाही असं म्हणणार नाही, पण उठलो तेव्हा ठरलेलं होतं. कागदावर दोन औषधं लिहिलेली आणि आपण एकच देतोय. अर्ध्या डोसानं कोण बरं होतं?

तिसऱ्या दिवशी मंचरला जाऊन अर्धा किलो नळीचं मटण आणलं.

"आज काय रविवार हाय का?" लंका म्हणाली.

"माझे गुडघे दुखतायत. अळणी पिईन म्हणतो."

"कवापासनं?"

"आजपासनं."

 चुलीवर पातेलं चढवताना ती माझ्या गुडघ्यांकडे बघत होती, हे माझ्या लक्षात होतं.

अळणी शिजवलं, गार केलं, वर गोठलेली चरबीची साय चमच्यानं उचलून टाकली. फॅट काढण्यात माझा हात कोण धरणार? तवंग म्हणून एक ठिपका राहू दिला नाही. मग माप धरलं: भाज्यांचं चार पळी, अळणी एक पळी. वरून कोथिंबीर आणि अर्धं लिंबू, वास झाकायला. वाटी उन्हात धरून रंग बघितला. लॅक्टोमीटर असतं तरी त्याला काही कळलं नसतं.

धर्माकडे गेलो. तो वाटीकडे हात करत होता आणि मी म्हणालो, "थंडी लई पडली बरं का आज."

माझ्या तोंडून हे वाक्य निघालं आणि माझे कान गरम झाले. धर्मानं वर बघितलं नाही. त्यानं वाटी तोंडाला लावली, थांबला, परत लावली, आणि सगळी संपवली. ओठ पुसले.

"आज काय घातलंस रं?"

"हाडं..." मी म्हणालो, आणि जीभ चावली. "हाडांना चांगलं म्हणून शेवगा जास्त घातला."

"रोज घाल."

रोज घातला. सहाव्या दिवसापासून चाराला एक सोडून तीनाला एक केलं. धर्माच्या गालावर रंग आला. वाटी स्वतःच्या हातानं धरायला लागला. मग काठी घेऊन कडीपत्त्यापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. मी मनातल्या मनात वही लिहीत होतो: पावलं इतकी, वाट्या इतक्या. शेऱ्याच्या रकान्याकडे मात्र नजर जाऊ देत नव्हतो.

आणि तो बोलायला लागला, हे सगळ्यात वाईट. जो येईल त्याला सांगायचा. "पालकात येवढी ताकद असती, ह्ये मला सत्तर वर्सांत कुनी सांगितलं न्हाई. लोक उगा जीव मारत्यात. सावळ्याच्या हातचं भाज्यांचं पानी प्या, मटणाच्या तोंडात मारतंय." वाडीतल्या बाया मला कृती विचारायला यायला लागल्या. आरतीच्या अंगणवाडीतल्या पोरांच्या आया आल्या. मी शेवगा, गाजर, पालकाचे देठ सांगायचो. दोन दिवसांनी त्या परत यायच्या: "भाऊजी, आमचं तुमच्यावानी व्हत न्हाई. काय तरी राखून ठेवताय तुमी."

"हाताचा गुण," मी म्हणायचो.

लंका मागून भांडी जरा जास्त जोरात ठेवायची.

नवव्या दिवशी गेणभाऊ आला. गेणभाऊ म्हणजे भजनातला पखवाजवाला, चाळीस वर्षं माळ घातलेला. अंड्याचा ठेला आला की रस्ता ओलांडून पलीकडून चालतो. मी वाटी घेऊन गेलो तर तो धर्माशेजारी घोंगडीवर बसलेला.

"ह्येच ते," धर्मा उत्साहानं म्हणाला. "गेणभाऊ, तू पन घे अर्धी. खोकला हाय न्हवं तुला? सावळ्या, त्याला दे आदी."

"अरे, तुझ्यापुरतंच..."

"मी नंतर पीन की! घे, गेणभाऊ, लाजतोस काय?"

गेणभाऊनं दोन्ही हात पुढे केले. प्रसाद घेतात तसे. वाटी त्याच्या हातात गेली, वर चालली, मिशीपर्यंत पोचली. माझ्या कोपराला काय झालं सांगता येत नाही. वाटी घोंगडीवर, घोंगडीवरून गेणभाऊच्या पायजम्यावर.

"अरारारा! सावळेराम, काय हे राव!"

"माशी पडली व्हती," मी म्हणालो.

"पौषात माशी?"

"मोठी व्हती."

गेणभाऊ पायजमा झटकत राहिला. धर्मा माझ्याकडे बघत होता, डोळे बारीक करून, जसा मी लोकांकडे बघायचो. मग तो हसला. "म्हातारा झाला बिचारा. हात कापायला लागलं." आणि माझा हात धरून मला शेजारी बसवलं. मला तो हात काढून घ्यायचा होता आणि काढता आला नाही.

घरी आलो तेव्हा लंका चुलीपाशी होती. तिनं पातेल्यात उरलेल्या अळण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गुडघं तुमचं दुखत्यात आन् अळणी शेजारी जातंय," ती म्हणाली. "सात दिस झालं, मी मोजतीय. बत्तीस वर्सं लोकांच्या दुधात पानी हुडकलंत. आता स्वतः पान्यात काय घालताय?"

"डॉक्टरनं लिहून दिलंय, लंका. माणूस उठून चालायला लागला की नाही?"

"मंग त्याला विचारून द्यायचं व्हतं."

"विचारलं असतं तर घेतलं असतं का त्यानं?"

"न्हाई."

"मग?"

"मंग काय? तेच तर म्हणतीय मी."

मी बंद करणार होतो. दहाव्या दिवशी खरंच नुसतं भाज्यांचं नेलं. धर्मानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "आज मन न्हाई वाटतं तुजं," म्हणाला. संध्याकाळी मी परत पळी बुडवली.

पंधराव्या दिवशी तपासणी होती. गोकुळनं सुट्टी काढून गॅरेजची जीप आणली. आरती आणि मी मागे, धर्मा पुढे, मफलर गुंडाळून, नवऱ्या मुलासारखा. मंचरच्या हायवेला कांद्याच्या ट्रकांमागे अर्धा तास अडकलो तरी त्याची बडबड चालू. डॉक्टर तरुण होता, शहरातला, बोलायला मऊ. त्यानं छाती तपासली. "कफ मोकळा झालाय, छान." मग दाब घेतला. परत घेतला. खाली वाकून धर्माच्या घोट्याजवळ अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा राहिला. मी त्या खळग्याकडे बघत राहिलो. तो भरून यायला फार वेळ लागला.

"सूज आहे. दाबही वाढलाय. मीठ जातंय कुठूनतरी," डॉक्टर म्हणाला.

"जेवणात चिमूटभरच घालते, सर," आरती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "लोणचं, पापड, सगळं बंद केलंय."

"आणि सूप? मी लिहून दिलं होतं ना, भाज्यांचं पाणी, अळणी."

 आरतीनं माझ्याकडे बघितलं नाही, पण तिची मान अर्धी वळून थांबली.

"अळणी म्हणजे..." आरती म्हणाली.

"बिनमिठाचं. अळणी म्हणजे बिनमिठाचंच ना? तुमच्याकडं दुसरं काही म्हणतात का?"

धर्मा हसायला लागला. आधी हळू, मग खोकत, मग पुन्हा हसत. "सायेब, आमच्याकडं अळणी म्हंजी मटणाचं पानी! म्हंजी तुमी मला कागदावर मटण लिवून दिलं व्हतं? मी माळकरी मानूस! ह्ये बघा," असं म्हणून त्यानं मफलर सोडून माळ बाहेर काढली. "एकोनीस वर्सं. नशीब, कुनी दिलं न्हाई. मला कोन देनार?"

डॉक्टरही हसला. गोकुळ हसला. मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या. आडव्या अकरा, उभ्या सात. एक फुटलेली.

परत येताना धर्मानं तो किस्सा जीपमध्ये दोनदा सांगितला. "सावळ्या, ह्या डॉक्टरनं तर माजी माळच तोडली असती!" आणि मागे हात करून माझी मांडी थोपटली. आरती खिडकीबाहेर बघत होती. घरी उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "काका, वाटी मी घासून ठेवलीय. तुमची तुमी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर धर्मा ओट्यावर उन्हात बसला होता, पाय पसरून. गेणभाऊला तोच किस्सा सांगून झाला होता. गेणभाऊ हसत, डोळे पुसत उठला आणि मला पाहून म्हणाला, "काय सावळेराम, माशी बिशी न्हाई ना आज?" आणि गेला.

मी रिकाम्या हातानं आलो होतो. धर्मानं हातांकडे बघितलं.

"वाटी कुठाय?"

मी ओट्यावर त्याच्याशेजारी बसलो नाही. खाली, पायरीवर बसलो. ह्या एका गोष्टीचा मी रात्रभर विचार केला होता, की कुठं बसायचं. बोलायचं काय ह्याचा केला नव्हता.

"धर्मा, तो कागद आरतीनं मला दाखवला व्हता. पहिल्याच दिवशी."

"बरं मंग?"

"मला अळणी म्हणजे आपलं अळणी वाटलं."

तो अजून हसण्याच्या बेतात होता. मग थांबला. उन्हात त्याचा चेहरा हळूहळू बदलला, पाण्यात हळद विरघळताना रंग जसा खालून वर येतो तसा.

"कंच्या दिवसापासनं?"

"तिसऱ्या."

"किती?"

"चाराला एक. मग तीनाला एक."

"मीठ?"

"दोन्हीत व्हतं."

त्यानं वाकून स्वतःच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला आणि खळग्याकडे बघत बसला.

"म्हंजी ती चव," तो म्हणाला, "मी लोकांना सांगत व्हतो ती."

"व्हय."

"गेणभाऊला मी स्वतः..."

"ती मी सांडली."

"माशी?"

"नव्हती."

त्याच्या मिशीचा एक कोपरा हलला, हसण्यासारखा, आणि तिथंच राहिला. "तवा तुला कळत व्हतं. गेणभाऊची माळ तुला दिसली. माजी दिसली न्हाई?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. तू उंबऱ्यात बसलास तेव्हा मी घाबरलो होतो. तू गेलास तर कडीपत्त्याच्या झाडावरून भांडायला कोण राहणार? आणि तुझ्या नावापुढे मी एकदा शेरा लिहिलाय, तो पुसायला मला एक चांगलं काम हवं होतं. ह्यातलं काहीही बोललो असतो तर ते आभाळाकडे बघून थंडीबद्दल बोलल्यासारखंच झालं असतं. 

"तवा मी दोन तांबं घातलं," धर्मा म्हणाला. "तू पंधरा मानसांत लिवलंस. बरोबर लिवलंस. तुला मी कदी काय म्हनलो?"

"न्हाई."

"मला पिण्याआदी तू एका मानसात बी सांगितलं न्हाईस."

त्यानं दोन्ही हात मानेमागे नेले. बोटं अजून नीट चालत नव्हती. माळ डोक्यावरून काढायला त्याला वेळ लागला. मी उठून मदत करायला गेलो तर त्यानं मान हलवली. माळ काढून त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, मोबाईलच्या चार्जरशेजारी. त्याच्या गळ्यावर गोरी रेघ उमटलेली होती, एकोणीस वर्षं ऊन न लागलेली.

"जा आता," म्हणाला.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. भाज्यांचं पाणी आरती पहाटे करून थर्मासात भरून जायची. मी कडीपत्त्याखाली उभा राहायचो. तो ओट्यावर यायचा, मला बघायचा आणि मफलर वर ओढून गळा झाकायचा. मफलर ओढताना बोटं माळ चाचपायची आणि रिकामी परत यायची. ते मी चार दिवसांत किती वेळा पाहिलं हे मला माहीत आहे, पण आकडा सांगत नाही. लंकानंही त्या चार दिवसांत मला एकदाही टोमणा मारला नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात काठीचा आवाज आला. धर्मा. घोट्याची सूज उतरलेली, गळा मफलरनं बांधलेला. माझ्या चुलीपाशी त्यानं स्वतःच पाट ओढला. जत्रेत पातेल्याशेजारी बसायचा तसाच बसला.

"आरतीला अंगणवाडीला उशीर व्हतोय," तो म्हणाला. "तूच कर. माज्या म्होरं कर."

मी लाकडं लावली.

"थांब. डेअरीची कोरी वही हाय का एकांदी?"

होती. निवृत्त होताना तीन आणल्या होत्या. लंकानं न सांगता फळीवरून काढून दिली, पेनासकट.

"लिव," धर्मा म्हणाला. "पातेल्यात जाईल ते आदी वहीत जाईल."

मी तारीख टाकली. नाव: धर्माजी. गाजर दोन. शेंगा दोन. पालकाचे देठ, मूठभर. दुधी भोपळा, पाव. तो प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायचा, मग मान हलवायचा, मग मी ती टाकायचो. जिरं सुद्धा तळहातावर घेऊन बघितलं. पाणी पाऊण तास थरथरलं. तो पाऊण तास हलला नाही. फडकं त्यानं उलटंसुलटं करून बघितलं. गाळलं, वाटीत घातलं. त्यानं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आरं काय घान लागतंय ह्ये! धुनं धुतलेलं पानी बरं."

"अळणी हाय."

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला, आणि नाक मुरडत सगळं प्याला. वाटी उलटी करून चुलीच्या कडेला ठेवली. मग काठीचं टोक वहीवर टेकवलं. "फॅट?"

"भोपळा."

"त्यो तर वर लिवलास."

"हा दुसरा." मी शून्य काढलं.

लंका पदराआड हसली. धर्मा हसला नाही, पण काठी उचलली नाही. ती शेवटच्या रकान्यावर सरकली.

"शेरा?"

पेन माझ्या हातात होतं. मी वाट बघत बसलो.

"ऱ्हाऊ दे मोकळा," धर्मा म्हणाला. "म्होरल्या एकादशीला म्हाराज येनार हायेत देवळात. मला परत माळ घालतील का न्हाई ते त्यांना इचारनार हाय. कशानं सुटली ते सांगावं लागंल. पंधरा मानसं असतील, जास्तच असतील."

"मी येतो," मी म्हणालो. "मी सांगतो."

"तूच सांगायचं हाय. मी नुसता बसनार." तो काठीवर जोर देऊन उठला. "त्यानंतर शेरा बघू."

एकादशीला अजून सहा दिवस आहेत. रोज साडेपाचला अंगणात काठी वाजते. तो पाटावर बसतो, मी वही उघडतो. आज सकाळी आल्याचा तुकडा पातेल्यात टाकला आणि धर्मानं काठी माझ्या हातावर ठेवली. मी वहीत बघितलं. आलं लिहायचं राहिलं होतं.

"चुकून," मी म्हणालो.

तो आभाळाकडे नाही, सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी आलं लिहिलं.